गाडीखालचा पत्रा खडखडतोय, काढून टाकू का? (नागपूर, पेट्रोल हॅचबॅक)

रिंगरोडवाली (सोमवार, रात्री ९.१२)

नमस्कार मंडळी. गाडी २०१६ची पेट्रोल हॅचबॅक. मानेवाड्याहून रोज रिंग रोडनं हिंगणा एमआयडीसीला जाणं-येणं. बऱ्याच दिवसांपासून गाडीच्या पोटातून खर्रर्र असा आवाज येऊन राहिला, टिनाच्या डब्यात खिळे हलवल्यासारखा. सिग्नलला उभी असली की येतो, थोडा अॅक्सिलरेटर दिला की गप्प, आणि दुसऱ्या गिअरमध्ये वेग घेताना एका ठरावीक जागी पुन्हा सुरू. सकाळी गाडी थंड असताना जास्त.

घराजवळच्या गॅरेजात दाखवली. पोरानं खाली हात घालून एक पत्रा हलवून दाखवला. म्हणाला, "मॅडम, हीट शील्ड सैल झालंय. काढून टाकतो, पाच मिनिटांचं काम, पैसे पण नका देऊ." फुकटात होतंय म्हटल्यावर मला उलट शंका आली. दुसऱ्या एका मोठ्या वर्कशॉपात विचारलं, तर ते म्हणाले की पत्रा एकटा मिळत नाही, सायलेन्सरची मधली असेंब्ली पूर्ण बदलावी लागेल. आकडा ऐकून चहासुद्धा न पिता परत आले.

तर दोन प्रश्न आहेत. काढला तर नेमकं काय बिघडतं? आणि काढायचा नसेल तर बांधायचा कसा? "काही होत नाही" असं कुणी सांगणार असाल तर का होत नाही तेही लिहा, ही विनंती.

धरमपेठी (सोमवार, रात्री ९.४०)

काढून फेका ना. माझ्या आधीच्या गाडीचा पत्रा अमरावती रोडवर वाडीच्या पुढे कुठंतरी पडला, मला तर पत्ताही नव्हता. सर्व्हिसिंगला गेलो तेव्हा कळलं. त्यानंतर गाडी कितीतरी उन्हाळे चालवली आणि मग विकली. आपल्या नागपूरच्या उन्हात काही झालं नाही तर आणखी कुठं होणार आहे?

मुळामुठा (सोमवार, रात्री १०.०५)

धरमपेठी, तुमचा कुठला पत्रा पडला होता? गाडीखाली एकच हीट शील्ड नसतं. साधारणपणे एक मॅनिफोल्डवर म्हणजे इंजिनाजवळ, एक कॅटॅलिटिक कन्व्हर्टरभोवती (धूर साफ करणारा डबा), एक-दोन गाडीच्या मजल्याच्या बोगद्यात, म्हणजे पाइप जातो त्या खोलगट भागात, एक पेट्रोलच्या टाकीच्या बाजूला आणि एक मागच्या सायलेन्सरवर. गाडीगणिक संख्या बदलते. शेवटचा पडला तर बहुधा तुम्हाला वर्षानुवर्षं कळणार नाही. टाकीजवळचा पडला तर गोष्ट वेगळी.

ताई, आधी नक्की कुठला सैल झालाय ते शोधा. त्याशिवाय पुढचं सगळं बोलणं हवेत.

धरमपेठी (सोमवार, रात्री १०.११)

मागचा असेल. पण पुण्याच्या माणसानं खुलासा मागितला की द्यावाच लागतो बाप्पा.

औष्णिक (सोमवार, रात्री ११.३०)

कोराडीच्या वीज केंद्रात आयुष्य उष्णतेच्या संगतीत गेलं, म्हणून थोडं लांब लिहितो. कंटाळा आला तर खाली सरका.

धरमपेठी म्हणतात, नागपूरच्या उन्हात काही झालं नाही. बाहेर ४५ अंश असो की २५, सायलेन्सरच्या पाइपाला त्यानं फार फरक पडत नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काम सुरू करायलाच सुमारे २५० ते ३०० अंश लागतात आणि गाडी तापल्यावर त्याच्या आतलं तापमान ४०० ते ८०० अंशांच्या पट्ट्यात असतं. एखादा स्पार्क प्लग नीट पेटत नसेल तर न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, मग पारा याच्याही वर जातो. त्या मानानं आपलं मे महिन्याचं ऊन म्हणजे किरकोळ. फरक पडतो तो एवढाच की उन्हाळ्यात गाडीखालची हवा आधीच गरम, ती थंडावा कमी देते, आणि ट्रॅफिकमध्ये उभ्या गाडीखाली वारा नसतोच.

आता हा पत्रा करतो काय? गरम पाइपाकडून मजल्याकडे जाणारी बरीचशी उष्णता प्रारणानं जाते, म्हणजे मधल्या हवेला न विचारता थेट. आणि ही उष्णता तापमानाच्या चौथ्या घातानं वाढते (तापमान केल्विनमध्ये मोजून). पाइप ३०० अंशांवरून ४०० अंशांवर गेला की बाहेर फेकली जाणारी प्रारणाची उष्णता जवळजवळ दुप्पट होते. चकचकीत अॅल्युमिनियमचा पत्रा त्यातली ९० टक्क्यांहून जास्त परत फेकतो. पत्रा आणि मजला यांच्यामध्ये हवेची फट असते, ती उरलेली उष्णता अडवते. म्हणून कागदासारखा पातळ पत्रा एवढं काम करतो. जाडीला इथं फारसं महत्त्व नाही, चकाकी आणि फट या दोनच गोष्टी आहेत.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, पत्रा ठोकून पाइपाला किंवा मजल्याला चिकटवून आवाज बंद करू नका. फट गेली की पत्र्यातून उष्णता सरळ वहनानं जाते. दुसरी जास्त महत्त्वाची: पावसाळ्याआधी गाडीला खालून काळं अंडरबॉडी कोटिंग मारून देतात ना, ते मारणारा पोरगा डोळे मिटून सगळीकडे फवारतो. हीट शील्डवर काळा थर बसला की त्याची परत फेकायची ताकद जवळजवळ संपली, आणि पाइपावर बसला तर महिनाभर जळका वास. कोटिंग करायचं असेल तर शील्ड आणि सायलेन्सर झाकून घ्यायला सांगा आणि समोर उभे राहा.

रिंगरोडवाली (मंगळवार, सकाळी ७.०५)

औष्णिक सर, धन्यवाद. कोटिंग मागच्या वर्षीच केलं होतं, झाकलं होतं की नाही देव जाणे.

पण पत्र्याच्या वर काय काय आहे? माझ्या पायाखाली कार्पेट आणि त्याखाली लोखंड, एवढंच मला माहीत.

मुळामुठा (मंगळवार, सकाळी ८.२०)

बरंच काही आहे. ब्रेकच्या नळ्या, पेट्रोलच्या नळ्या, हँडब्रेकची केबल, वायरिंगचा गुच्छ, आणि मागच्या सीटखाली टाकी. हल्ली बहुतेक गाड्यांची टाकी एचडीपीई प्लास्टिकची असते. ते प्लास्टिक १३० अंशांच्या आसपास वितळतं, त्याच्या बरंच आधी मऊ पडतं.

ब्रेक ऑइलचंही बघा. डॉट ३ आणि डॉट ४ हे त्याचे दोन प्रकार. डॉट ३ नवं असताना २०५ अंशांना उकळतं, डॉट ४ नवं असताना २३० ला. पण ते हवेतलं पाणी शोषतं. पाणी शोषलेल्या तेलाचा किमान उत्कलनबिंदू मानकाप्रमाणे डॉट ३ साठी १४० आणि डॉट ४ साठी १५५. आपल्याकडे ब्रेक ऑइल बदलायची सवय किती जणांना आहे? नळीत तेल उकळलं की ब्रेकचं पेडल स्पंजासारखं दबतं. एक शील्ड काढल्यानं लगेच असं होईल असं मी म्हणत नाही. पण त्या पत्र्याच्या पलीकडे काय आहे ते कळल्यावर फुकटात काढून घ्यावासा वाटेल का, ते तुम्हीच ठरवा.

तणस (मंगळवार, सकाळी १०.४५)

भंडाऱ्याहून लिहितो, पण गाडी नागपुरात फिरते म्हणून घुसलो. सगळे वर काय आहे ते सांगून राहिले, खाली काय आहे ते पण पाहा. कन्व्हर्टरच्या खालच्या बाजूलाही पत्रा असतो. तो गवतापासून वाचवायला. आमच्याकडे धान कापल्यावर बांधीत गाडी लावली, खाली वाळली तणस, आणि गाडी नुकतीच हायवेवरून आलेली. धूर निघायला फार वेळ लागत नाही. मार्च ते मे पेंच, बोर किंवा उमरेडकडे जाणाऱ्यांनी तर रस्त्याच्या कडेला वाळल्या गवतात गाडी उभी करूच नये, पत्रा असो की नसो.

दुसरं, दिवाळीच्या आगेमागे गावच्या रस्त्यावर सोयाबीन पसरवलेलं असते, गाड्यांच्या चाकाखाली मळणी व्हावी म्हणून. त्यावरून गाडी गेली की कुटार, म्हणजे भुसा, खाली सायलेन्सरला, सैल पत्र्याच्या फटीत जाऊन बसते. तशा गाड्या पेटलेल्या आहेत. असा रस्ता पार केला की पुढे थांबून खाली वाकून पाहून घ्या, काठीनं कुटार ओढून काढा. हात घालू नका.

लोहाओळी (मंगळवार, दुपारी १.१५)

हाव, तणसभाऊ बरोबर बोलले.

ताई, आमचं इतवारीत हार्डवेअरचं दुकान आहे, लोहाओळीत. हा रोग घेऊन आठवड्याला कोणी ना कोणी येतेच. बहुतेक वेळा इलाज एका होज क्लिपचा, म्हणजे स्क्रूनं आवळायच्या पट्ट्याचा आहे. पण क्लिप घेताना चुंबक आणि डोळे दोन्ही वापरा. तीन प्रकार येतात. पहिला साधा, जस्ताचा मुलामा दिलेला. जस्त ४२० अंशांना वितळते, सायलेन्सरवर तो टिकत नाही, पावसाळा गेला की गंजून सुटते. दुसऱ्यात पट्टा स्टेनलेस पण स्क्रू साधा लोखंडाचा. लोक पट्ट्यावर चुंबक लावतात, चिकटत नाही, म्हणतात वा वा अस्सल. स्क्रूवर लावून पाहत नाहीत. तिसऱ्यात पट्टा, डबी, स्क्रू सगळं ३०४ स्टेनलेस, त्यावर डब्ल्यू४ लिहिलेलं असते. तोच घ्या. शंभर-दीडशेची वस्तू आहे, दोन घेऊन ठेवा.

माप कसं घ्यायचं? गाडी थंड असताना पत्र्यासकट पाइपाभोवती सुतळी गुंडाळा, सुतळीची लांबी ३.१४ नं भागा, तो झाला व्यास. कन्व्हर्टर मोठा असेल आणि तेवढी क्लिप मिळाली नाही तर दोन क्लिपा एकीत एक गुंतवून लांब करता येतात.

प्लास्टिकचा केबल टाय लावून देणाऱ्या मेकॅनिकला नमस्कार करून निघून या. नायलॉन २६० च्या आसपास वितळते, आणि आपलं तापमान औष्णिक साहेबांनी सांगितलंच आहे. बांधकामाची बाइंडिंग तार चालते, पण घरी पोहोचेपर्यंतच. कंपनानं आणि गंजानं तुटतेच.

मुळामुठा (मंगळवार, दुपारी १.४०)

क्लिप सगळ्यांना लागू नाही हो. जे शील्ड पाइपावरच दोन अर्ध्या करवंट्या जोडल्यासारखं बसवलेलं असतं, त्याला क्लिप. जे मजल्याला बोल्टनं टांगलेलं असतं त्याला क्लिप लावायची कुठं? पाइपाभोवती गुंडाळून बांधलं तर मजला उघडा पडेल.

लोहाओळी (मंगळवार, दुपारी २.०२)

बरोबर. त्याला मोठा वाशर. भोक गंजून किंवा कंपनानं मोठं होते, बोल्टचं डोकं त्यातून आरपार जाते, पत्रा लोंबतो. बोल्ट शाबूत असेल तर २५-३० मिलीचा रुंद स्टेनलेस वाशर टाका, खेळ खतम. अॅल्युमिनियमला स्टेनलेस टेकले की ओलाव्यात अॅल्युमिनियम खाल्ले जाते हे खरं. पण आपल्याकडे कोकणासारखी खारी हवा नाही, पाच-सात वर्षं सहज जातात.

फलाट_हिंगणा (मंगळवार, रात्री ८.५०)

एसटीच्या हिंगण्याच्या मध्यवर्ती कार्यशाळेत नोकरी झाली, आता घरी बसून नातवाच्या सायकली दुरुस्त करतो. बसचा सायलेन्सर आणि हॅचबॅकचा सायलेन्सर यांत आकाराचा फरक आहे, अकलेचा नाही.

पोरी, पत्रा पत्रा सगळे बोलून राहिले, पण आवाज पत्र्याचाच आहे हे कोणी तपासलं? गॅरेजवाल्या पोरानं पत्रा हलवून दाखवला म्हणजे तोच वाजतो असं नाही. सैल दिसणारं आणि वाजणारं, ही दोन वेगळी असू शकतात. गाडी पूर्ण थंड होऊ दे, रात्रभर उभी राहिलेली उत्तम. सकाळी मुठीनं, हातमोजा घालून, मागून पुढे एकेक भाग ठोकत ये. मागचा सायलेन्सर ठोकल्यावर आतून खडखड आली तर आतली जाळी किंवा पडदा तुटला. कन्व्हर्टर ठोकल्यावर आतून दगड हलल्यासारखा आवाज आला तर आतली सिरॅमिकची वीट फुटली, तो खर्च मोठा आणि पत्र्याचा त्याच्याशी संबंध नाही. सायलेन्सरची टांगणारी रबरं बघ, एखादं तुटलं की पाइप झोके घेतो आणि पत्र्याला घासतो. मग पत्रा बिचारा फुकट बदनाम.

आणखी एक. गॅस लीक, म्हणजे सायलेन्सरच्या जोडातून धूर गळणं, आणि खडखड यात गल्लत होते. लीकचा आवाज टिक टिक किंवा फस फस असतो, अॅक्सिलरेटर दाबला की वाढतो, जोडाजवळ काजळी दिसते. पत्र्याचा आवाज एका ठरावीक फेऱ्यांवर येतो आणि पुढे गेलं की जातो, कारण पत्र्याचं स्वतःचं कंपन त्या वेळी इंजिनाशी जुळतं. तुझं वर्णन पत्र्याकडेच बोट दाखवते. तरी ठोकून पाहा. लीक असेल तर पीयूसीचं रीडिंग चुकेल आणि धूर आत येईल. पत्रा नसल्यानं पीयूसीला काही होत नाही, ते तेवढं निश्चिंत राहा.

गाडीखाली कशी जाणार तेही सांगतो, कारण इथे कोणी ते बोललंच नाही. डिकीतल्या जॅकवर गाडी उचलून खाली डोकं घालायचं नाही. विटांवर तर नाहीच, वीट इशारा न देता फुटते. जॅक स्टँड नसतील तर सरळ एखाद्या वॉशिंग सेंटरवर जा. गाडी खालून धुवायला ते लिफ्टवर चढवतात. शंभर-दोनशे जास्त दे, म्हण की पंधरा मिनिटं वर राहू द्या. उभ्यानं, उजेडात, मान न मोडता सगळं दिसते. फक्त गाडी आदल्या रात्रीपासून बंद पाहिजे हे चालवत नेल्यावर जमणार नाही, म्हणून तिथं पोहोचल्यावर निदान दोन-तीन तास थांबायची तयारी ठेव. सकाळी सोडून दुपारी ये.

धरमपेठी (मंगळवार, रात्री ९.०५)

काका, एवढ्या वेळात तर मी पत्रा काढून सावजी खाऊन आलो असतो.

फलाट_हिंगणा (मंगळवार, रात्री ९.२२)

सावजीनं पोट तापते, त्याला शील्ड नाही म्हणून.

केंद्रबिंदू (बुधवार, सकाळी ९.३०)

माझा एक प्रश्न इथेच विचारतो. गाडीला बाहेरून सीएनजी बसवलंय. सिलिंडर डिकीत, त्याची बारीक स्टीलची नळी गाडीखालून पुढे इंजिनाकडे गेलीय. फिटिंगवाल्यानं नळी नेताना बोगद्यातला हीट शील्डचा एक बोल्ट काढला आणि परत लावलाच नाही, आता तिथला कोपरा लोंबतो. हे कितपत गंभीर?

मुळामुठा (बुधवार, सकाळी ११.००)

लगेच बघून घ्या. त्या नळीत गॅस २०० बारच्या आसपास दाबानं असतो. नळी उष्णता सहन करते, पण लोंबणारा पत्रा कंपनानं तिच्यावर घासत राहिला तर? पत्र्याची कड धारदार असते. नळी सायलेन्सरपासून लांब आणि क्लिपांनी नीट धरलेली हवी. हे काम सीएनजीच्या अधिकृत फिटिंग सेंटरवरच करा, रस्त्यावर नको.

लोहाओळी (बुधवार, दुपारी १२.१०)

आणि वेल्डिंगवाल्याकडे तर जाऊच नका. अॅल्युमिनियमचा पत्रा साध्या वेल्डिंगनं जुळत नाही, भोकच पडते. लोखंडी असला तरी टाकी शेजारी, नळ्या शेजारी. सायलेन्सर खोलून बाहेर काढून वेल्डिंग करायचं असेल तर गोष्ट निराळी.

रिंगरोडवाली (शनिवार, सायंकाळी ६.४०)

अपडेट. आज सुट्टी होती. भावाला सोबत घेतलं, गाडी सकाळी वॉशिंग सेंटरवर सोडली, दुपारी गेलो. लोहाओळीतून दोन डब्ल्यू४ क्लिपा, मोठे वाशर, जाड हातमोजे आणि एक गॉगल आधीच घेतला होता. काका, गॉगलचं तुम्ही सांगितलं नव्हतं पण तोंडावर गंजाचा एवढा चुरा पडला की नसता तर डोळ्यांचं काही खरं नव्हतं.

लिफ्टवर गाडी चढली आणि एक नाही दोन गोष्टी सापडल्या. कन्व्हर्टरच्या मागच्या पाइपावर दोन करवंट्यांचं शील्ड, त्याच्या खालच्या अर्ध्याच्या एका बोल्टाभोवतीचा पत्रा गंजून गोल भोक पडलेलं. तो चुंबकाला चिकटला, म्हणजे लोखंडी. त्यावर क्लिप. स्क्रू खाली न ठेवता बाजूला वळवला, म्हणजे स्पीड ब्रेकरला घासणार नाही. क्लिपेची उरलेली शेपटी कापून कड आत वाकवली.

दुसरी गोष्ट गंमतशीर आहे. वरच्या, मजल्याला टांगलेल्या पत्र्याची एक चकती गायब होती आणि त्या वाकलेल्या कोपऱ्यात काळ्या मातीचं वाळलेलं ढेकूळ, त्यात दोन गिट्टीचे खडे. हे खडेच पत्र्यावर नाचत होते. मागच्या पावसाळ्यात बेसा रोडच्या पुढच्या लेआउटमध्ये गाडी फसली होती, तिथलाच माल असावा. आपल्याकडे सिमेंटचा रस्ता एका उंचीवर, कडेचे पेव्हिंग ब्लॉक दुसऱ्या उंचीवर, आणि गल्ली तिसऱ्याच. गाडीचं पोट रोज कुठंतरी टेकतं. त्या चकतीच्या जागी वाशर आणि नट लावला. हा पत्रा चुंबकाला चिकटला नाही, अॅल्युमिनियम.

काकांनी सांगितल्यासारखं सगळं ठोकून पाहिलं. रबरं ठीक. कन्व्हर्टर ठोकल्यावर आत शांतता.

कोटिंग मात्र शील्डवर उडालंय, औष्णिक सर. ठिपके ठिपके, पूर्ण थर नाही. घासून काढू?

औष्णिक (शनिवार, रात्री ८.१५)

ठिपक्यांसाठी घासू नका. घासताना पातळ पत्रा वाकेल आणि चकाकीवर ओरखडे पडतील. तारेचा ब्रश अजिबात नको. अर्ध्याहून जास्त भाग काळा असता तर वेगळं बोललो असतो.

फलाट_हिंगणा (शनिवार, रात्री ९.००)

शाब्बास पोरी. आता पंधरा दिवस गाडी चालव आणि क्लिपेचा स्क्रू परत एकदा आवळ. पाइप तापला की फुगतो, थंड झाला की आकसतो, नवीन क्लिप पहिल्या काही दिवसांत थोडी सैल पडतेच. पण जीव खाऊन आवळू नको, पाना फिरायचा थांबला की थांब. पत्रा चेपला तर परत फट गेली.

धरमपेठी (शनिवार, रात्री ९.१८)

मी पण नवीन गाडी खालून पाहून आलो. गपचूप. सगळे पत्रे जागेवर आहेत. पण माझं मत कायम, मागच्या सायलेन्सरवरचा गेला तर मी रडणार नाही.

मुळामुठा (शनिवार, रात्री ९.४५)

मागचा असला तरी वर बंपरचं प्लास्टिक आणि स्टेपनीची जागा असते. पण ठीक आहे, त्या एकाबाबत मी तुमच्याशी भांडणार नाही. पडलाच तर नवीन लावेपर्यंत गाडी चालवायला हरकत नाही. कन्व्हर्टरचा, टाकीजवळचा आणि ब्रेकच्या नळ्यांखालचा, या तिघांबाबत मात्र नाही म्हणजे नाही.

तणस (रविवार, सकाळी ७.३०)

आणि रस्त्यातच अर्धा तुटून लोंबू लागला तर? परवा मौद्याजवळ एकाचा घासत चालला होता, ठिणग्या उडून राहिल्या होत्या.

लोहाओळी (रविवार, सकाळी ९.१०)

तेव्हा मात्र काढायचाच. गाडी गवतापासून दूर उभी करा, तासभर गार होऊ द्या. दहाच्या पान्यानं बोल्ट सुटला तर सुटला, बहुतेक ठिकाणी सहा मिलीचा बोल्ट आणि दहाचं डोकं असते. गंजलेला असेल तर डब्ल्यूडी-४० मारून थोडं थांबा. नाहीच सुटला तर पत्रा कापायच्या कात्रीनं लोंबता भाग कापा. तुकडा फेकू नका, डिकीत टाका. त्याच्या मापावरून नवीन बनवता येतो, एम्बॉस केलेली अॅल्युमिनियमची शीट मिळते. भंगारात दुसऱ्या गाडीचा मिळाला तर आणखी उत्तम.

रिंगरोडवाली (रविवार, सायंकाळी ५.५५)

आज वर्धा रोडनं बुटीबोरीपर्यंत जाऊन आले. खडखड पूर्ण बंद. फक्त सकाळी पहिल्यांदा सुरू केल्यावर अगदी थोडं टिक टिक ऐकू येतं, गरम झाल्यावर जातं. काका, हे तुम्ही म्हणालात ते लीक तर नाही ना?

फलाट_हिंगणा (रविवार, रात्री ८.०५)

असू शकते. मॅनिफोल्डच्या पॅकिंगमधून गाडी थंड असताना थोडा गॅस निघतो, लोखंड तापून फुगलं की फट बंद होते. उद्या सकाळी थंड गाडी सुरू कर आणि बॉनेट उघडून ऐक. जोडाच्या आसपास काजळीचा पट्टा दिसतो का बघ, हात लावू नको. दिसला तर फोटो काढून इथे टाक. नाही दिसला तर पुढच्या सर्व्हिसिंगला मॅनिफोल्डचे नट तपासायला सांग, तोवर गाडी खुशाल चालव.